जोडी एकदाच, पाळी तिथंच

गणितातला संच मला शाळेपासून जरा बेफिकीर वाटत आला आहे. आत कोण कोण आहे एवढंच त्याला ठाऊक. आधी कोण आलं, मागून कोण, याचं त्याला काही नाही. मोठ्या लग्नातल्या यजमानासारखा तो सगळ्यांकडे बघून सारखाच हसतो. तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर मात्र ओळखतो आणि पुन्हा मोजत नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी कम्प्युटर शिकवतो. तिथे दरवर्षी मुलांना या संचाचा एक शहाणा भाऊ दाखवतो: क्रम लक्षात ठेवणारा संच. त्यातही एक वस्तू एकदाच राहते, पण ज्या क्रमाने वस्तू आत आल्या त्याच क्रमाने बाहेर निघतात. आत असलेली वस्तू पुन्हा टाकायला गेलं तर काहीच होत नाही; ती जागेवरून हलतसुद्धा नाही. मात्र एकदा काढली आणि मग टाकली, तर थेट शेवटी जाते. मुलं हे उतरवून घेतात आणि घड्याळाकडे बघतात. मागच्या हिवाळ्यापर्यंत मीही घड्याळाकडे बघतच हे शिकवत होतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मामाच्या गावातून, हिंगणीच्या पलीकडून, बैलजोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या शंकरपट समितीचे सचिव नालवाडीला माझ्या घरी आले. त्यांचं किराण्याचं दुकान आहे. आदल्या वर्षी पटात पाळीवरून एवढी भांडणं झाली होती की बैलांपेक्षा माणसंच जास्त धावली, असं गावात म्हणत होते.

"सर, आमी रजिस्टरात लिवतो तं नावं सरकते," सचिव म्हणाले. "कोनाची जोडी खालून वर येते, कोनाची दोनदा लागते. तुमी कम्प्युटरवर करून द्या. कम्प्युटरनं सांगतलं का लोक चूप राह्यते."

"लोकांना चूप बसवायला कम्प्युटर केलेला नाही."

"हे लोकाले थोडीच सांगाचं असते," म्हणत त्यांनी चहा संपवला.

ते फाटकापर्यंत पोचले नसतील तोच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जोडी एकदाच हवी, आणि आली त्या क्रमानेच राहायला हवी. इतकी वर्षं जे फळ्यावर खडूने गिरवत होतो ते कुणीतरी घरी येऊन मागत होतं. मी चपला घालून त्यांच्या मागे गेलो आणि रस्त्यावरच हो म्हटलं. माणसाने इतक्या घाईने हो म्हणू नये, पण म्हटलं.

पहिला प्रश्न असा की 'तीच जोडी' म्हणजे काय. डावा बैल उजवीकडे जुंपायचा, मालक म्हणून मेहुण्याचं नाव द्यायचं आणि तीच जोडी दुसऱ्यांदा पळवायची, ही युक्ती तिकडे जुनी आहे. पण हल्ली प्रत्येक जनावराच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर नंबर. मी ठरवलं, दोन बैलांचे दोन नंबर, लहान आधी, मोठा मागून. ही झाली जोडी. मालक कोण, हाकणारा कोण, कोण कुठल्या बाजूला, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हे मी जेवताना बायकोला हातवारे करून सांगितलं. घाईत मी आधी साधाच संच वापरला होता. तिच्यासमोर दोनदा चालवून दाखवला, दोन्ही वेळा क्रम वेगळा.

"हे पाळी आहे का लॉटरी?" तिने विचारलं.

जेवण अर्धं टाकून मी तो बदलला.

पटाच्या दिवशी सकाळी माझं टेबल चिंचेखाली मांडलं होतं. टेम्पोतून जोड्या उतरत होत्या. मालक बैलाचा कान धरून बिल्ला दाखवत, मी नंबर टाकत होतो, आणि जोडी यादीत खाली जाऊन बसत होती. धुरकऱ्याचं, म्हणजे गाडी हाकणाऱ्याचं, नाव शेजारी एका चौकटीत लिहायचं होतं, माइकवर पुकारण्यापुरतं. दोघांनी तीच जोडी पुन्हा घालून बघितली. पडद्यावर 'ही जोडी आधीच आहे' असं आलं आणि ते हसत निघून गेले. मला एवढा आनंद झाला की तिसरा कुणी येतो का, याची मी वाट बघू लागलो.

माझा मामेभाऊ ऊन वर आल्यावर आला. पांढरा आणि कबरा, दोन्ही घरचेच. त्यांची जोडी साधारण मधोमध लागली. धुरकरी म्हणून त्याने आपलंच नाव दिलं.

मग उद्घाटन. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले आणि त्याबद्दल त्यांचं अभिनंदन झालं. एका गृहस्थांचा सत्कार सोसायटीचे अध्यक्ष म्हणून झाला, मग शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून, मग मंदिराचे विश्वस्त म्हणून. तिन्ही वेळा ते तितक्याच आश्चर्याने उठले. माझ्या प्रोग्रॅमने त्यांना एकदाच उठवलं असतं. प्रत्येक वक्ता व्यासपीठावरची सगळी नावं पहिल्यापासून घेत होता, आणि हिवाळ्याचा दिवस तेवढा लहान होत होता. उजेड संपला की पट बंद, हा समितीचा नियम.

भाषणं चालू असताना पाहुण्यांचा एक कार्यकर्ता टेबलाशी आला. पाहुण्यांचीही जोडी होती, नुकतीच उतरलेली आणि यादीत शेवटी लागलेली.

"साहेबाची जोडी पहिले घ्या."

"वर घ्यायचं बटण नाही."

"मंग काढा, आन पहिले टाका."

"काढून टाकली तर शेवटी जाईल."

"तुमी टाका तं."

मी काढली आणि टाकली. ती होती तिथेच, शेवटी, येऊन बसली. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सचिवांना शोधायला गेला. मोठेपणाला शेवटी वाट सापडतेच. ती जोडी 'मानाची जोडी' म्हणून यादीबाहेर, उद्घाटनालाच पळवायचं ठरलं. फक्त घड्याळ लावायचं नाही. महिलांची प्रात्यक्षिक फेरीही तशीच ठेवली होती: फेटे बांधून, टाळ्यांच्या गजरात, आणि बिनघड्याळाची. मान दिला की वेळ मोजायची गरज उरत नाही, असं दिसतं.

तेवढ्यात माझी मामेबहीण, मामेभावाची धाकटी बहीण, आली. घरची धार, स्वयंपाक उरकून ती दुपारच्या बसने पोचली होती. कपाळावर घाम, ओढणी कमरेला गुंडाळलेली.

"दादा, माह्या जोडीचं लिवा. धुरकरी मी."

दिवाळीपासून ती घरी हेच सांगत होती. वासरं होती तेव्हापासून तिने त्या दोघांना वाढवलं, रोज नाल्याच्या रेतीत पळवलं. तिला फेटा बांधून मिरवायचं नव्हतं. तिला घड्याळाच्या बोर्डावरचे आकडे हवे होते, आपल्या नावापुढे. मी नंबर टाकले. पडद्यावर तेच आलं: ही जोडी आधीच आहे.

तिने धुरकऱ्याचं नाव वाचलं. "भाऊनं सोताचं टाकलं?"

मामेभावाला बोलावलं. तो बैलांना पाणी पाजून, त्यांना घेऊनच आला.

"तू बायांच्या फेरीत हाक ना," तो म्हणाला. "फोटो बी निंघते."

"मले फोटो नाई पायजे. मले टाइम पायजे."

"काऊन जिद करून राह्यली? पोरायसारखं आहे का हे?"

"दिवाळीले मी बोलली तवा तुमी 'पाहू' म्हटलं. आता पाहा."

सचिव मध्ये पडले. बाईने हाकू नये असं नियमात कुठेच नाही, हे त्यांनी थोड्या दुःखाने मान्य केलं. मग तोडगा काढला: "जुनी नोंद काढून टाका, सर, आन बाईच्या नावानं नवी घ्या."

ती पडद्याकडे वाकली. यादी बोटाने खाली सरकवत शेवटापर्यंत गेली आणि मग सूर्याकडे बघितलं. शेवटच्या जोड्या अंधारात राहणार हे आता सगळ्यांनाच कळत होतं.

"काढू नका," ती म्हणाली.

"काढायची गरजच नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज वर्गातल्यापेक्षा बराच मोठा निघाला. "याला जोडी म्हणजे दोन बिल्ले. हाकणारा कोण, ते तो विचारतच नाही. चौकटीतलं नाव बदलतो. जोडी तीच, पाळी तिथंच."

मागच्या नंबरचा मालक, मिशीवाला म्हातारा, पुढे आला. ही जोडी गेली असती तर तो एक पायरी वर सरकला असता. "असं कसं? उद्या मांडवात नवरदेव बदलला, तं लगन तेच राह्यते का?"

लोक हसले. मामेबहीण हसली नाही.

"काका, येथं नवरदेव बैल आहे. तो बदलला का?"

"नाई."

"मंग झालं. मी तं बँडवाली."

म्हातारा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसला आणि हात झटकून मागे गेला. उरला मामेभाऊ. नाव त्याचं होतं. ते त्याने म्हटल्याशिवाय मी बदलणार नव्हतो. तो बराच वेळ कबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. भाषणात कुणीतरी स्त्रीशक्तीवर आलं होतं.

"बदला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग तिला: "कबरा डावीकडं झुकते. दोर ढिला सोडजो."

"मले सांगता? कोनं चारलं त्याले?"

मी नाव बदललं. जोडी जिथे होती तिथेच राहिली. मी तीनदा तपासलं. मी लिहिलेल्या गोष्टीवर माझा एवढा अविश्वास आणि एवढा जीव याआधी कधी बसला नव्हता.

पाळी आली तेव्हा सावल्या दाणीच्या, म्हणजे त्या सरळ नांगरलेल्या धावपट्टीच्या, पार पलीकडे गेल्या होत्या. माइकवर तिचं नाव पुकारलं. मी टेबल सोडून धावलो. कम्प्युटर उघडा टाकून मी आयुष्यात प्रथमच कुठे गेलो असेन.

झेंडा पडला. शेजारच्या दाणीतली जोडी आधी सुटली. हिचे बैल एक उडी मागे राहिले आणि कबरा डावीकडे झुकला. माझ्या शेजारी मामेभावाने हवेतच दोर ढिला सोडला. तिने नाही सोडला. तिने किंचित खेचला, पांढऱ्याला आवाज दिला, आणि कबरा जणू आठवल्यासारखा सरळ झाला. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मातीचा एक लोट आला, त्यात दोन वशिंडं आणि वर उभी ती, गुडघे वाकलेली, तोंड उघडं. मी ओरडत होतो. काय, ते ठाऊक नाही.

बोर्डावर लाल आकडे उमटले. शेजारची जोडी मागे पडली होती. पण मामेभाऊ तिकडे बघत नव्हता. त्याच्या गेल्या वर्षीच्या वेळेपेक्षा हे आकडे कमी होते. थोडेच, पण कमी.

"दानीतली माती कोरडी आहे औंदा," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"गेल्या वर्षी वल होती."

"असेल."

दिवसाअखेर ती बक्षिसात बसली नाही. दोन जोड्या तिच्याहून चपळ निघाल्या, आणि त्यांच्याही पुढे एक. उजेड गेला, यादीच्या तळाचे लोक बैल सोडून शेकोटीशी बसले. ती बैलांजवळ उभी होती. पेल्यातलं अर्धं पाणी ती प्यायली, उरलेलं तिने तोंडावर मारलं. मामेभाऊ खाली बसून कबऱ्याचे खूर बघत होता.

"डावीकडं झुकला तं दोर खेचला काऊन?" त्याने वर न बघता विचारलं.

"ढिला सोडला का तो आनखी झुकते, भाऊ. रेतीत पाह्यलं मी."

तो उठला, दोर हातात घेतला आणि तिच्याकडे दिला. "दाखव कसा."

बैल थकले होते आणि अंधार झाला होता, म्हणून तिने पेला माझ्या हातात देऊन दोराचं एक टोक भावाच्याच मनगटाला बांधलं, आणि त्याला दाखवायला लागली.