रुपालीकडे होतं ते

टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर सुहासिनीचा टू बीएचके होता. नवरा प्रशांत बँकेत, ती स्वतः सरकारी कार्यालयात क्लार्क. वास्तूला आलेले सगळे नातेवाईक म्हणाले, नशीब काढलंस. पण सुहासिनीला हेवा वाटायचा तो आपल्या धाकट्या जावेचा, रुपालीचा. आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

रुपाली विठ्ठलवाडीला चाळीत दीड खोलीत राहायची. दिवसभर जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे कापायची. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की दारात बसून पेन्सिलीने चित्रं काढायची. कारखान्यात टाकून दिलेले खाकी कागद ती मागून आणायची. नळावर भांडणाऱ्या बायका, शेजारची कोंबडी, नवऱ्याची, म्हणजे राजरत्नची, झोपलेली पाठ. चाळिशीत लागलेला नाद. काढताना तिचा चेहरा इतका निवांत व्हायचा, की सुहासिनीला तो बघवायचा नाही.

"ही कशाच्या जोरावर एवढी खूश असते?" ती प्रशांतला विचारायची.

"असू दे की. तुला काय कमी आहे?"

मग सुहासिनीने स्टँड घेतला, कॅनव्हास घेतले, महागातले रंग घेतले आणि डोंबिवलीत रविवारचा क्लास लावला. तिथे तिचं सगळं लक्ष शेजारणीच्या कॅनव्हासवर. घरी येऊन स्टेटसला फोटो टाकायचा आणि कोणी कोणी पाहिला ते बघत बसायचं. चौथ्या रविवारी ती गेलीच नाही.

त्याच सुमारास ठाण्यातल्या एका मंडळाची चित्रकला स्पर्धा तिच्या वाचनात आली. तिने रुपालीची तीन चित्रं मागून घेतली.

"पाठव की ताई," रुपाली सहज म्हणाली.

एकदा कोणीतरी हिला तोंडावर सांगू दे की हे तुला जमत नाही, मग बघू हा चेहरा किती टिकतो, असं सुहासिनीच्या मनात होतं.

झालंही तसंच. बक्षीस नाही, आणि वर परीक्षकांचा शेरा: 'प्रमाणाचं भान नाही.' चित्रं हातात पडली त्याच संध्याकाळी सुहासिनी विठ्ठलवाडीला गेली आणि शेरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवला.

रुपालीने नळावरच्या बायकांचं चित्र लांब धरलं. "खरंच की गं, हिचा हात केवढा लांब झालाय! बादल्या उचलून झाला असेल." ती खळखळून हसली. मग कागद उलटा केला. "मागची बाजू कोरीच आहे," म्हणत तिने पेन्सील टेकवली.

सुहासिनीचा बांध फुटला. "तुला काहीच कसं वाटत नाही? मी मुद्दाम पाठवलेली. तू हरावीस म्हणून!"

पेन्सील थांबली. रुपालीचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला होता. सुहासिनीला हवा होता तसाच. पण बघून तिला बरं वाटलं नाही.

"चित्रांचं नाही लागलं ताई," रुपाली म्हणाली. "हे लागलं."

"मला तुझ्यासारखं व्हायचंय गं. ते कसं होतं, तेवढं सांग."

"मला काय माहीत? मी कोणासारखी व्हायला नाही बसत." मग तिनेच विचारलं, "तुला काय आवडायचं लहानपणी? कोणी बघत नसताना?"

सुहासिनी पर्स उचलून निघाली. महिनाभर ती विठ्ठलवाडीला फिरकली नाही. जळफळाटही चालूच होता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग एका दुपारी कपडे वाळत घालताना आठवलं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या माहेरी गच्चीत एकटी असली की ती शीळ घालायची. गाणीच्या गाणी. वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, बायकांना शोभत नाही. तिथेच ते संपलं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ जुळवले. नुसती हवा आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा. आठवड्याने एक बारीक, थरथरता सूर निघाला आणि तिच्या अंगावर काटा आला. स्टेटसला टाकायला तिने फोन हातात घेतला नाही. रुपालीला सांगायचंही तिला सुचलं नाही.

"कुकर झाला का गं?" प्रशांतने आतून विचारलं.

"कुकर नाही, मी आहे," सुहासिनी म्हणाली, आणि सुटलेला सूर पुन्हा धरायला लागली.