बारा शब्दांचे पालांडेकाका

पालांडेकाकांकडे शिकायला गेलं की आधी मोबाइल डब्यात टाकायला लागायचा. डबा स्टीलचा, कुंदाकाकींच्या स्वयंपाकघरातला, दिवाळीत चकल्या राहायच्या तो. काका दारातच तो पुढे धरायचे. मोबाइल आत गेला की झाकण लावायचे, डबा फ्रिजवर ठेवायचे आणि मगच "बस" म्हणायचे. पहिल्या दिवशी मला रागच आला. मी बी.कॉम. झालेली, नोकरीला लागलेली बाई, आणि हा माणूस मला शाळेतल्या पोरीसारखं वागवतोय. मी म्हटलं, काका, मी काही फोटो काढणार नाही. ते म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे गो. मोबाइलवर नाही."

मी भाईंदरजवळच्या मोरव्याची. बाप मिठागरावर राबला, आई भाजी विकायची, आणि आमच्या घराच्या भिंतीवर पदवीचा कागद लागला तो पहिला माझा. हे मी मिरवते आणि मिरवणार. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात ऑफिसला आहे. शिवाय घरी बसून परदेशातल्या एका दुकानदाराला त्याच्या मालाची वर्णनं लिहून द्यायचं काम मिळालं होतं, आणि तो मोबदला क्रिप्टोत देणार म्हणत होता. त्यासाठी पाकीट लागतं. हातात धरायचं नव्हे, कॉम्प्युटरवर ज्यातून आपण साइट बघतो त्या ब्राउझरलाच जोडलेलं. ऑफिसातली एक जण म्हणाली, मीरा रोडला पूनम सागरमध्ये एक काका रविवारी सकाळी हे शिकवतात, पैसे घेत नाहीत. मला वाटलं, कोणीतरी टायवाला असेल. दार उघडलं ते लेंगा-बनियनमधल्या, कानावर पेन्सिल खोवलेल्या साठीच्या माणसानं.

काका खेडकडचे, दहावी पास. तीस वर्षं एका कुरिअर कंपनीत पार्सलं सीलबंद करायच्या टेबलावर होते. सील तुटलेलं पार्सल मी कधी घेतलं नाही आणि कधी दिलं नाही, हे ते अशा सुरात सांगायचे की दुसरा कोणी लढाईवर जाऊन आल्याचं सांगेल. रिटायर झाल्यावर आलेली रक्कम त्यांनी एका छोट्या सहकारी बँकेत ठेवली आणि त्या बँकेवर निर्बंध आले. काकींसोबत ते बंद शटरसमोर महिनोन् महिने लायनीत उभे राहिले. थोडं थोडं करत बरंचसं हातात आलं, पण माणूस बदलला. "माझ्या पैशावर दुसऱ्याचं शटर नको," एवढं त्यांच्या डोक्यात बसलं. मग व्हिडिओ बघत, शब्दकोश मांडीवर घेऊन, एक वर्ष लावून ते हे शिकले, आणि हातात आलेलं सगळं स्वतःच्या पाकिटात ठेवलं. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते त्यांच्यामागं काकींना पुरायला हवं होतं. "कुंदाला कोणापुढं हात पसरायला लागू नये," हे ते काकींसमोरच म्हणायचे, आणि काकी आतून म्हणायच्या, "आधी पंखा पुसा तो."

त्यांची शिकवण्याची रीत त्यांचीच होती. पाकीट उघडताना कॉम्प्युटर तुम्हाला बारा इंग्रजी शब्द देतो, साधेच, फळांची-जनावरांची नावं असावीत तसे. ते त्याच क्रमाने कागदावर उतरवायचे. काका प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्यायचे. पेन नाही, कारण पाणी लागलं की शाई पसरते, आणि मीरा रोडला पाणी कधी भरेल याचा नेम नाही. तुम्ही लिहायला लागलात की ते उठून गॅलरीच्या ग्रिलपाशी पाठमोरे उभे राहायचे. तुम्ही "झालं काका" म्हणेपर्यंत मान वळवायची नाही. एकदा काकी चहा घेऊन बाहेर आल्या तर त्यांनाही हाताने मागच्या मागे परतवलं. काकी म्हणाल्या, मला कुठं इंग्रजी वाचता येतंय. काका म्हणाले, नियम म्हणजे नियम.

मग ते सगळ्यांचा जीव घाबरवायचे. आत्ताच उघडलेलं पाकीट ब्राउझरमधून काढून टाकायला लावायचे. "आता कागद बघून परत उभं कर. आज रिकामं आहे तोवर मोडून बघायचं. भरल्यावर रडायला माझ्याकडे यायचं नाही." एक अक्षर चुकलं तरी पाकीट उघडत नसे. ते उघडलं की काका स्वतःच्या पाकिटातून सरावासाठी चिल्लर पाठवायचे, आणि ती आली की टाळी द्यायचे. एवढीच त्यांची चैन.

समजावतानाही फाटे फोडत नसत. पासवर्ड फक्त या एका कॉम्प्युटरचा दरवाजा उघडतो, म्हणायचे. बारा शब्द म्हणजे अख्खं घर. पासवर्ड विसरलास तर शब्द वाचवतील. शब्द गेले आणि पासवर्डही गेला, तर वर जाऊन विचारायला तिथं कोणी साहेब बसलेला नाही.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला सलीम माझ्यासोबत शिकत होता. दुसऱ्या रविवारी तो सहज बोलून गेला की घरी जाऊन त्याने कागदाचा फोटो काढून ठेवला, सेफ्टीसाठी. काकांचा चेहरा असा पडला की मला वाटलं कोणी गेलं. सलीम म्हणाला, "अरे काका, गॅलरी में पडा रहेगा, क्या फरक पडता है?" काका म्हणाले, "तेरी गॅलरी में तेरे अलावा कितने लोग बैठे हैं, पहले वो गिनके बता." त्याला ते पाकीट कायमचं सोडायला लावलं आणि नवं करवून घेतलं. सलीम चिडून गेला. तीन महिन्यांनी त्याचा मोबाइल चोरीला गेला, तेव्हा काकींसाठी मिठाईचा पुडा घेऊन आला. काकांनी एक शब्द सुनावला नाही. पुडा मात्र एकट्यानेच संपवला.

मीही चुकलेय. एका संध्याकाळी पैसे अडकल्यासारखे वाटले म्हणून मी एका ग्रुपवर विचारलं, तर लगेच एकाचा खासगी मेसेज आला, आम्ही मदत विभागातून बोलतोय, खात्री करायला बारा शब्द टाका. फार अदबीचं इंग्रजी होतं. मी सात टाकले आणि आठव्याला थांबले. काकांना फोन लावला. ओरडले नाहीत. किती टाकलेस, एवढंच विचारलं, आणि फोनवरच नवं पाकीट उघडायला लावून सगळं तिकडे हलवायला लावलं. शेवटी म्हणाले, "शब्द मागतो तो चोर. मी मागितले तर मी चोर. शब्द कोणाला द्यायचे नाहीत, कोणाचे घ्यायचे नाहीत. दुसऱ्याचे शब्द घरात आले की त्याच्या घरातल्या चोरीचा संशयही घरात आला."

आणखी एक नियम होता. दोन कागद, दोन घरं. एक कागद आपल्याकडे, दुसरा बंद लिफाफ्यात दुसऱ्या घरी, पण असा की ठेवणारा आपल्या रक्ताचा असेल. घराला आग लागली, पाणी भरलं, तर दुसरा कागद वाचतो. सलीमचा मालाडला बहिणीकडे, माझा वसईला मावशीकडे. तुमचा कुठे आहे, हे आमच्यापैकी कोणी काकांना कधी विचारलं नाही. गावचं घर भावाने बळकावलं होतं आणि बोलणं तुटलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना दुसरं घरच नव्हतं, म्हणजे दोन्ही कागद एकाच घरात होते, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण मला तशी वेळ मिळाली होती. एकदा दुपारी काका भाईंदरला माझ्या ऑफिसच्या गेटवर आले. आधी कधी आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट होता. टपरीवर चहा घेतला, आईची चौकशी केली, पावसाचं बोलले. मग शर्टाच्या आतून एक लिफाफा काढला. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर सही, पार्सल सील करतात तसा. हा तुझ्याकडे ठेव, म्हणाले. तू शिकलेली आहेस. मला काही झालं तर काकीला दे.

मी हात पुढे केला नाही. हसले. म्हटलं, "काका, तुम्हीच सांगितलंय, कोणाचे शब्द घ्यायचे नाहीत. तुम्ही दिले तरी नाही." काकांनी लिफाफा परत आत ठेवला, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि शेअर रिक्षात बसून गेले. खरं सांगते, मला त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. परीक्षा पास झाल्यासारखं. घरी आईला कौतुकाने सांगितलं. आई म्हणाली, "म्हातारा उनातानाचा इतका लांब आला नि तू त्याला तसाच धाडलास? काय ठेवायला जागा न्हाय आपल्यात?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी काका झोपेतच गेले. सकाळी काकी चहा घेऊन गेल्या तेव्हा अंग गार होतं. मी पोचले तोवर सोसायटीतली माणसं जमली होती. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ज्या अंथरुणावर माणूस गेला ते घरात ठेवू नये, स्मशानाच्या गाडीसोबतच जाऊ दे. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही असंच करतात. गादी दोघांनी उचलली, चादर एकाने. उशी राहिली होती. ती मी खाली नेली.

तेराव्यानंतर आम्ही कागद शोधायला बसलो. काकींना एवढंच माहीत होतं की शब्द घरातच आहेत, कारण ते म्हणायचे, वेळ आली की सांगेन. देवाच्या फोटोंच्या मागे बघितलं, तांदळाच्या डब्यात हात घातला, शब्दकोश पान पान उलटला. काकी पलंगाच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या की जायच्या महिनाभर आधी काकांनी सुई-दोरा मागितला होता. उशीतून कापूस येतोय म्हणाले. मी शिवते म्हटलं तर देईनात, स्वतःच शिवत बसले. "उशी तर नवीनच होती गो," काकी म्हणाल्या.

मी तशीच स्मशानात गेले. तिथल्या माणसाला माझ्यासारखी माणसं नवीन नसावीत. तो म्हणाला, ताई, बिछाना बाहेर पडला की कचऱ्याची गाडी घेऊन जाते, रोज येते ती. भिंतीपलीकडे दुसऱ्या कोणाच्या तरी गाद्या पडलेल्या होत्या. मी उगाचच त्या हलवून बघितल्या.

मग कॉम्प्युटर उरला. पाकीट उघडलं की ते पासवर्ड विचारतं. काकींचं नाव टाकलं, गावाचं, लग्नाची तारीख, ग्रामदेवतेचं नाव. दर वेळी तीच लाल अक्षरं, पासवर्ड चुकीचा. सलीम दोन रविवार येऊन बसला, त्याचे एक-दोन ओळखीचेही बघून गेले. सगळे शेवटी तेच बोलले जे काका आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे. शब्द नाहीत, तर काहीच नाही. ते फार पक्कं शिकले होते, आणि पक्कंच करून गेले.

काकी आता बिल्डिंगखालच्या डबेवालीसाठी चपात्या लाटतात, सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. कोणापुढं हात पसरलेला नाही, पण मनगटाला पट्टा बांधलेला असतो. मी रविवारी जाते. काकांनी मला सरावासाठी चिल्लर पाठवली होती, त्यामुळे त्यांच्या पाकिटाचा पत्ता माझ्याकडे राहिला आहे, आणि पत्ता असला की आत काय आहे ते जगात कोणालाही दिसतं. काढता फक्त येत नाही. काकी पिठाचे हात पुसत विचारतात, आहे ना अजून? मी बघते आणि सांगते, आहे काकी. भाव हलतो तसं कधी वाढलेलं असतं, कधी उतरलेलं. त्या म्हणतात, असू दे, त्यांनी ठेवलंय.

लिफाफ्याचं मी त्यांना वर्षभर सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी सांगितलं. ऑफिसचं गेट, इस्त्रीचा शर्ट, मी काय बोलले, सगळं. काकी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोरीने घेतला नाही, एवढ्या जणांना शिकवलं, एक तरी पक्की निघाली. खूश होते. त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवले."

मी भाजलेल्या चपात्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. काकींनी पुढचा गोळा पोळपाटावर घेतला, पीठ लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण तू घ्यायला हवा होतास, बाय."

मी हो म्हटलं.