पाटीवरचं चालू बोलणं

आमच्या घरात ‘मागून सांगते’ असं म्हणायची सोय नव्हती. बाबा अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले आणि मी मॅट्रिक होईस्तोवर ते ठार बहिरे झाले. बोलणं मात्र शाबूत होतं. रेच्यांवरून हाका मारायची सवय, त्यामुळं आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

चार माणसं जमून हसली की बाबा कासावीस व्हायचे. "काय म्हणून राहिला तो?" कुणी हातानंच ‘थांबा, मागून’ अशी खूण केली की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. "मागून मले काय करायचं त्याचं? सारे हासून राहिले तवा मी काहून बसू येड्यावानी?" नुसती गोष्ट कळून त्यांचं भागत नसे. सगळ्यांबरोबर हसायचं असे.

म्हणून मी पाटी घेतली. कुणी बोलायला लागलं की मी बाबांच्या शेजारी बसून लिहायला लागायची. वाक्य पुरं व्हायची वाट बघायची नाही, शब्द कानावर पडला की पाटीवर. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, ओठ हलवत वाचायचे, पण आवाज न काढता. पाटी एवढीशी. भरली की ओल्या फडक्यानं पुसायची, आणि ती वाळेपर्यंत पेन्सिल नीट उमटायची नाही. तेवढ्यात बोलणारा पुढं निघून गेलेला असे. बोलणारा पुढं, त्याच्या मागं मी, माझ्या मागं बाबा. मी मुळातच उतावळी. माणसं इतकी भराभरा का बोलतात, याचा मला मनापासून राग यायचा.

मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हा आमच्या वस्तीत नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. पहिल्या दिवशी बाबा शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होते. पुढं वर्षभरानं अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा पोस्टात, माणसं खाऊनपिऊन सुखी. आई नुसती हरखून गेली होती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पत्रिका-मुहूर्त आमच्यात उरले नव्हते. जे काय ठरायचं ते समोरासमोर बसून, बोलण्यातून ठरायचं. आणि ते बोलणं बाबांपर्यंत पोचवणारी मीच, जिला पाहायला पाहुणे आले होते.

तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, मांडीवर पाटी घेऊन बसले. एका अर्थानं बरंच झालं, मान वर करायची वेळच येत नव्हती. मुलगा गप्प होता. बोलत होते ते त्याचे मामा, आणि मामा म्हणजे पाण्याचा लोंढा. प्रवास, ऊन, अकोल्यातली भाड्याची घरं, सगळं एका दमात. बोटं दुखायला लागली. पाटी पुसली, ती वाळेना म्हणून फुंकर मारत होते, तोवर मामांचं लक्ष अंगणातल्या संत्र्याच्या झाडाकडं गेलं.

"झाड मस्त आलं तुमचं. शेंदूरजन्याचं कलम हाय काय?"

मी लिहिलं. मामा कुठले थांबतात! आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आमच्याकडं सुना नोकरी नाई करत. शाळा सोडा लागन पोरीले. चालन ना तुमाले?"

माझी पेन्सिल जागच्या जागी थिजली. आणि नेमकं त्याच वेळी बाबांचं झाडाचं वाक्य वाचून झालं. ते कलम त्यांनी स्वतः शेंदूरजनाघाटाहून मांडीवर धरून आणलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "हो! बिलकुल! त्याच्यात काय इचारता!"

मामा खूश. "मंग ठरलंच!" आईनं लगबगीनं आतून साखरेची वाटी आणली. चिमूट-चिमूट साखर सगळ्यांच्या हातावर पडायला लागली. बाबांनीही हात पुढं केला. आपल्या झाडाचं एवढं कौतुक झालेलं पाहून ते हसत होते. मला संताप आला, आणि भीतीही वाटली. एका वाक्याच्या अंतरात माझी शाळा निघून चालली होती आणि ज्यांनी ती देऊन टाकली त्यांना पत्ताही नव्हता.

आई साखर द्यायला वाकली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "आता नोको लिहू. चांगलं घर हाय, बाई." तिचंही खोटं नव्हतं, माझ्या मागं आणखी दोन बहिणी होत्या. मी पाटी तशीच धरून बसले. बाबांनी वाकून पाहिलं. मामांचं तोंड चालू आणि पेन्सिल बंद, हे त्यांना कधीच खपत नसे. त्यांनी पाटीवर बोट आपटलं. "थांबली काहून? लिही!"

मग लिहिलं. ‘मामा म्हणाले, शाळा सोडावी लागेल, चालेल ना. तुम्ही हो म्हणालात.’

बाबांचे ओठ हलले, मग थांबले. साखर तोंडातच होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "म्या?" ते गरजले. "म्या त झाडाले हो म्हणलो!"

मुलानं दचकून मान वर केली. मामा हसून म्हणाले, "आता साखर वाटली, भाऊ. चार माणसाइत शब्द गेला तुमचा." मी तेही लिहिलं. अक्षर वाकडं येत होतं. बाबांनी दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. ही त्यांची ख्याती होती, आणि त्याच क्षणी मला तिचा तिटकारा आला.

बाबांनी माझ्या हातातून पाटी घेतली. फडकं न शोधता सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"त्यायचं लय लिहिलं. आता तुह्या मनातलं लिही."

इतकी वर्षं मी पाटीवर जगाचं बोलणं लिहीत आले होते. शेजारी, पाहुणे, भांडणं, विनोद, सगळं. माझं स्वतःचं वाक्य त्या पाटीवर कधी उमटलंच नव्हतं. बाबांना काही सांगायचं तर मी खुणेनंच सांगायची. सगळी बैठक माझ्या हाताकडं पाहत होती. आईनं डोळ्यांना पदर लावला होता. मी लिहिलं, ‘मला शाळा सोडायची नाही.’

बाबा एरवी मनात वाचायचे. या वेळी मात्र वाचलं ते रेचे चालू असताना बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून, "मला. शाळा. सोडायची. नाही." शेजारच्या बायका दारात आल्या. मी मान खाली घालूनच होते.

वाचून झाल्यावर बाबांनी पाटी उचलली आणि पाहुण्यांकडं तोंड करून धरली, त्यांनाही नीट वाचता यावं म्हणून.