टोपीमागचं चांदणं

"हालू नका. उजेड येऊन राह्यला."

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला भाऊ एवढंच सांगत. मग भिंगावर अडकवलेली आपली काळी टोपी उचलत, क्षणभर थांबत आणि परत ठेवत. भिंगाचं झाकण कधीच हरवलं होतं. चांद्याच्या त्या स्टुडिओत तुम्ही बसला असाल, तर ती टोपी तुम्हालाही आठवत असेल. स्टुडिओ दोघा भावांचा. भाऊ फोटो काढत. फोटो आधी काचेवर उमटे; त्यांचे दादा त्या काचेवरचे डाग काढत.

कॉन्व्हेंट संपवून मी घरी आले आणि स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी आईने मला तिथे नेलं. माझ्या हनुवटीवर भाजल्याचा पांढरा व्रण आहे.

"हा दिसायला नको," आई म्हणाली.

"राहू द्या ना बाई," भाऊ म्हणाले. "पोरीचाच हाये, कोणाचा चोरून नाई आणला."

मी पहिल्यांदाच मान वर केली. दादांनी मात्र बारीक चाकूने तो काचेवरून खरवडून टाकला.

माझे बाबा जंगलखात्यात होते. आलापल्लीकडचा सागाचा एक जुना पट्टा उन्हाळ्यात तुटणार, हे भाऊंना त्यांच्याकडून कळलं. भाऊंना तो पौर्णिमेच्या चांदण्यात हवा होता.

"रातीच काऊन? दिवसा साग पळून जाते का?" दादा हसले.

"दिवसाचा कोणीही काढते, दादा."

त्या पौर्णिमेला भाऊंनी बाबांचा कंदीलसुद्धा विझवायला लावला, टोपी उचलली आणि ती मांडीवर घेऊन तासभर कॅमेऱ्याशेजारी बसून राहिले. बाबा आणि मी तिथल्या डाकबंगल्याच्या पायऱ्यांवरून पाहत होतो.

नंतर स्टुडिओत त्यांनी मला काच दाखवली. काचेवर पांढरं काळं दिसतं. पान न् पान उठलं होतं, अगदी दुपारसारखं. फक्त झाडांच्या वर बारीक काळ्या रेघा होत्या.

"चांदण्या सरकल्या त्याच्या रेघा. ह्या हायेत म्हणून रात हाये, बाई. नाईतर कोण मानन?"

फोटो छापायचा मोठा कागद नागपूरहून यायचा होता. तो आला तेव्हा भाऊ वरोऱ्याला एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते. साग तुटून गेला होता आणि बाबांच्या साहेबांना कचेरीत लावायला त्याच जंगलाचा फोटो हवा होता. धाकट्याच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून दादा दिवसभर काचेवर वाकून बसले.

"लय ओरखडे पडले होते रे," भाऊ परतल्यावर दादा म्हणाले. "एकूण एक काढले."

"दादा, त्या चांदण्या होत्या."

"चांदण्या काय अशा लांब असतात?"

भाऊंनी काच खिडकीशी धरली. मग म्हणाले, "चांगलं केलं, दादा."

फोटो कचेरीत लागला त्या दिवशी मी बाबांबरोबर होते. भाऊही आले होते. साहेबांनी त्यांना कौतुकाने विचारलं, "दुपारचा का हो?"

भाऊंनी हातातली टोपी फिरवली. "हो साहेब. दुपारचाच."

पुढे कोणत्याही पौर्णिमेला त्यांनी कॅमेरा बाहेर काढला नाही. काही वर्षांनी ते वारले. दादांनी भिंगाला नवं झाकण आणलं.

माझा फोटो पाहून एक स्थळ आलं आणि मला पाहून परत गेलं. कचेरीत तो साग अजून उभा आहे, भर दुपारी, एकही ओरखडा नसलेल्या आभाळाखाली.