डब्याचा खुळखुळाट

नियमबाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. अजूनही पाहुण्याने दारात चपला काढल्या की म्हणतात, "वाटेत नकोत हं. आग लागून पळायची वेळ आली तर?" सून हसते, "आई, दूध उतू गेल्याचीही तालीम घेऊ या का?"

दिव्यांगांच्या निवासी संस्थेत त्यांनी उभी नोकरी केली. सगळं नियमात बसतंय ना, हे बघायचं काम. रॅम्पचा उतार, औषधांच्या कपाटाचं कुलूप, स्वयंपाकीणबाईंची टोपी. माळी तर त्यांना पाहून पेटती बिडी खिशात कोंबायचा. एकदा म्हणे खिसाच जळाला; खरंखोटं माळी जाणे.

फक्त राजेंपुढे बाईंची मात्रा चालेना. तिथे राहणारे हे गृहस्थ बोलत नसत, पण ऐट अशी की नाव राजे पडलं. आगीच्या तालमीचा भोंगा वाजला की पलंगाचा पाय धरून बसत. ओढा, विनवा, ढिम्म! तपासणीत हे दिसलं तर त्यांना दूरच्या संस्थेत हलवणार, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि राजेंची म्हातारी आई तर पलीकडच्याच गल्लीतून रोज संध्याकाळी काठी टेकत यायची.

बाईंनी शक्कल लढवली. भोंगा झाला की बिस्किटांचा पत्र्याचा डबा खुळखुळवत त्या पुढे, राजे मागे. डबा राहायचा बाईंच्याच ऑफिसातल्या टेबलाच्या खणात. 'ऑफिसात खाऊ ठेवू नये' हा नियमही बाईंचाच, बरं का!

तपासणीच्या दिवशी बाहेरून आलेल्या मॅडमनी ऐन वेळी बाईंना फर्मावलं, "तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा."

भोंगा वाजला. सगळे अंगणात आले. राजे नाहीत. बाईंनी पुन्हा एकदा डोकी मोजली.

तेवढ्यात आतून खुळखुळाट! डबा वाजेना म्हणून राजे स्वतःच तो शोधायला निघाले होते. दाराजवळच्या ऑफिसातून उचलून, वाजवत, मिरवत बाहेर आले आणि त्यांनी तो बाईंच्या हातात ठेवला.

"हा ऑफिसात होता?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"चालतं का असं?"

"मुळीच नाही. लिहा माझ्या नावावर."

"सापडलात की बाई!" माळी मागून खिदळला.

उभ्या नोकरीत त्यांना तेवढा एकच शेरा मिळाला. त्या संध्याकाळी राजेंची आई नेहमीसारखी काठी टेकत आली.

आजही पाहुण्यांपुढे बाई तोच चेपलेला डबा धरतात, आधी खुळखुळवतात आणि शेऱ्याची गोष्ट पदक मिळाल्यासारखी सांगतात. मग राजे मागून येतील तसं उगाचच दाराकडे बघत बसतात.