अकरा थांबे

महाड तालुक्यात माझ्या सासऱ्यांइतका डोकं तापवणारा प्रामाणिक माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या सुनेला माझा नमस्कार सांगा. लबाड माणसावर चिडणं सोपं असतं. चार शब्द सुनावले की मोकळं होता येतं. आबांवर चिडलं की आपणच खोटे पडतो, कारण त्यांनी जे केलेलं असतं ते आपल्या भल्यासाठी, पहाटे उठून, अंघोळ करून आणि आपल्याला एका शब्दाने न विचारता केलेलं असतं. मला दिवस गेले त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडलेली होते. मळमळ तिसऱ्या महिन्यात थांबली, राग नवव्यापर्यंत टिकला.

आबा छत्तीस वर्षं लाल गाडीचे ड्रायव्हर होते आणि कागदोपत्री निवृत्त झाले. कागदोपत्री अशासाठी म्हणते, की अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठण्याआधी ते अजूनही मान वळवून मागे कोणी नाही ना ते बघतात. कुणाच्याही वाहनात बसण्यापूर्वी, मग ते पाहुण्यांचं नवंकोरं का असेना, चारी टायरांना एकेक लाथ घालतात. जेवण आठला म्हणजे आठला. आठ वाजून पाच मिनिटं झाली की "आज पाच मिंटं लेट" असं ते ताटाला सांगतात. मला नाही, ताटाला; पण वाढायला मीच उभी असते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. आमच्या तुडीलपासून महाडपर्यंत बसचे अकरा थांबे आहेत, आणि आबा त्या अकराही थांब्यांवर स्वतःची खासगी व्हॅन थांबवतात. कुणी असो वा नसो. गाडी डावीकडे घेतात, मिनिटभर उभी करतात, मनातल्या मनात कुठेतरी घंटी वाजत असावी, मग निघतात. लोकांनाही इतकी सवय झाली आहे की ते हात करून आत बसतात आणि "जरा सरक गो" म्हणून आम्हालाच हलवतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्याबरोबर सिनेमाला निघाले, तेव्हा आमच्या दोघांच्या मधे एक म्हातारा सुक्या मासळीची पिशवी मांडीवर घेऊन महाडपर्यंत बसला होता. उतरल्यावर मी विचारलं, आबा, गाडी आपली आहे ना? ते म्हणाले, "माणसानं हात केलान गो. हात केला की थांबायचा."

या गाडीत माझ्या सासूबाई मात्र कधीही बसत नसत. बाजाराला जायचं तर त्या कोपऱ्यावरून सहा आसनी रिक्षा धरायच्या, तिच्यात दहाव्या म्हणून बसायच्या, आणि मागून आबा रिकामी व्हॅन घेऊन जायचे. विचारलं की म्हणायच्या, मला गाडी लागते. रिक्षा कशी लागत नाही, हे मी विचारलं नाही. नवी सून होते.

आता माझ्याविषयी. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीतली. आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. मुलगी म्हणून नव्हे, माणूस म्हणून पहिली. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, महाडला एका खासगी क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. तेव्हा बाळंतपणाची तयारी मी माझ्या पद्धतीने करणार हे उघड होतं. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइल केली. यादी केली: बाळाची दुपटी, झबली, माझे गाऊन, रक्त द्यायला तयार असलेल्या तिघांचे फोन. दवाखान्यातल्या वर्गाला जाऊन कळांच्या वेळी श्वास कसा घ्यायचा ते शिकले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण आमचा घाटातला रस्ता, त्यात माझा रक्तदाब वर राहायला लागलेला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसायचं नाही, तासाच्या आत इथे पाहिजेस. (हे त्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. कळा जणू त्याला येणार होत्या.) म्हणून मी विचार करून ठरवलं की माहेरी जायचं नाही, आईलाच खाली बोलवायचं. हे मी घरात सांगणार, एवढ्यात आबांनी माझ्या वडिलांना परस्पर फोन करून कळवून टाकलं, "पोरीला वर पाठवणार नाय. हितनंच व्हईल." निर्णय तोच, पण माझ्या तोंडातून निघायच्या आत तो त्यांचा झाला. त्या दिवशी मी जेवले नाही. आबा ताटाला म्हणाले, "आज फेरी रद्द."

माझी यादी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर एक पुठ्ठा चिकटवलेला. आगारात असतं तसं वेळापत्रक, लाल-निळ्या शाईत. तुडील सुटणे, मग एकेका थांब्याचं नाव आणि पुढे मिनिटं, शेवटी 'महाड दवाखाना पोहोचणे: ३५ मिनिटे'. खाली तळटीप: औद्योगिक वसाहतीची पहिली पाळी सुटताना व दुसरी चढताना दहा मिनिटे जादा धरावीत. नवरा वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर असतो. फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे ऐन वेळी तो मिळणार नाही हे गृहीत होतं. रुग्णवाहिकेचा नंबर माझ्या यादीत पहिला होता, पण ती महाडहून येणार, मग परत जाणार. म्हणजे दोन फेऱ्या. तेव्हा गाडी आबाच काढणार. इथवर मलाही मान्य होतं.

पण डोहाळजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी आबांनी मला तालमीला बसवलं. मागच्या सीटवर उशी, शेजारी बॅग, हातात फाइल. "कळा आल्या असं समज," म्हणाले आणि घड्याळ लावून सुटले. पहिल्या थांब्यावर थांबले. दुसऱ्या थांब्यावर एक बाई दोन कोंबड्यांसकट आत आली, माझं पोट बघून कितवा महिना विचारलं, आणि उतरेपर्यंत तिच्या चार बाळंतपणांपैकी तीन सांगून झाली. पोहोचायला अठ्ठावन्न मिनिटं लागली. आबांचा चेहरा असा काळवंडला, जणू मी वाटेत बाळंत झाले. दर रविवारी तालीम. दर रविवारी ते निघताना बजावायचे की आज थांबणार नाय, आणि दर थांब्यावर थांबायचे. मग खाली उतरून गाडीवर ओरडायचे. एकदा तर त्यांनी थांब्याथांब्यावर उभं राहून लोकांना तंबी दिली की दोन महिने माझ्या गाडीला कुणी हात करायचा नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या रविवारी, आपण लक्षात ठेवलंय हे कळावं म्हणून, हात हलवून सांगितलं. आबा थांबले.

त्यातच डॉक्टरांनी दिलेली तारीख मार्चातली. चवदार तळ्यावर तेव्हा गावोगावची माणसं येतात, वाहतूक वळवतात. आबा महाडला जाऊन बंदोबस्ताच्या हवालदाराला भेटले, सुनेला त्याच दिवशी कळा आल्या तर कुठल्या गल्लीने काढू ते विचारून आले, आणि वेळापत्रकाला हिरव्या शाईत पुरवणी जोडली. दवाखान्यातही एकटेच जाऊन आले. तिथल्या स्ट्रेचरच्या चारी चाकांना लाथा घालताना त्यांना नर्सने पकडलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला, या वेळी थेट माझ्याकडेच बघून, विचारलं, ते तुमचेच का?

नववा लागला आणि माझा बांध फुटला. सातवी तालीम झाली होती, पाय सुजलेले, कंबर मोडलेली, आणि त्रेपन्न मिनिटं. घरी आल्यावर मी वेळापत्रक भिंतीवरून ओढून काढलं आणि आबांच्या समोर टाकलं. म्हटलं, मी पार्सल नाही. शरीर माझं, बाळ माझं, या घरात मला सोडून सगळ्यांना माझ्याबद्दल माहिती. ज्या माणसाला आपली गाडी न थांबवता चालवता येत नाही, त्याच्या भरवशावर मी राहणार नाही. उद्या मी आईकडे जाते, घाट तर घाट. आबा खाली वाकले. पुठ्ठा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, भिंतीशी टेकवून ठेवला आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपावरून मान वर केली नाही.

"माझी पहिली पोर आठव्यातच निघाली," त्या म्हणाल्या. "गावात दुसरा वाहन नव्हता. सकाळची मुक्कामाची गाडी, आणि चालवणारे हे. मी मागं आडवी. आणि हे दर थांब्याला थांबत गेले. लोकं हात करत होती ना. आंब्याच्या थांब्याला एका म्हातारीचे टोपले चढवीपर्यंत गाडी हुबी. तितंच पोर झाली. महाड काय तिनं बघितलान नाय."

मी विचारलं, तुम्ही काही म्हणाला नाहीत?

"म्हणायचा काय? थांबायचा हीच तेंची नोकरी होती," त्या म्हणाल्या, आणि एक खडा काढून बाजूला ठेवला. "तेव्हाधरनं मला गाडी लागते."

मी पदवीधर बाई. प्रयोगाचा हेतू आधी लिहावा, कृती मग, हे मुलांना रोज शिकवते. सात रविवार मी कृती बघत होते, आणि हेतू मला आता कळला. तालीम रस्त्याची नव्हती, माझी तर मुळीच नव्हती. छत्तीस वर्षं हात दिसला की ब्रेकवर जाणारा तो एक उजवा पाय, त्याची तालीम चालली होती. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. एवढी मोठी गोष्ट घरातल्या भिंतींना माहीत आणि मला नाही, याचा नवा राग आला. पण मी उठले आणि भाताच्या डिंकाने पुठ्ठा पुन्हा भिंतीला लावला. डिंक कसला, भाताची पेजच ती, पण चिकटला.

कळा आल्या त्या दुपारी दोनच्या सुमाराला, तळ्यावरची गर्दी व्हायच्या चार दिवस आधी. नवरा कारखान्यात, फोन गेटवर. आईला आणायला माझा भाऊ गेलेला, ती दोघं अजून घाटात. आबांनी चारी टायरांना लाथा घातल्या, मला उशीला टेकवून बसवलं आणि दार लावायला वळले, तर सासूबाई पदर खोचून उभ्या. त्या पुढच्या सीटवर, आबांच्या शेजारी बसल्या. आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

दवाखान्यात शिकलेला श्वास मला तिसऱ्या थांब्यापर्यंत पुरला. पुढे मी माझ्या डोंगरातल्या भाषेत ज्या शिव्या दिल्या, त्या आबांना, नवऱ्याला, आणि हात करून उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला सारख्या वाटून दिल्या. पहिल्या थांब्यावर शाळेतले गुरुजी होते, दुसऱ्यावर ती कोंबड्यांवाली. आबा डावीकडे ओढले जायचे, पुन्हा सरळ व्हायचे. कपाळावरून घाम गळत होता. नववा थांबा आंब्याचा. तिथे चार माणसं उभी होती, आणि चौघांनी हात केला. गाडी हळू झाली. मला मागून त्यांचा पाय दिसत नव्हता, पण कळला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू. "आज नको."

गाडी पुढे गेली. मागे कुणीतरी काहीतरी ओरडलं, बहुतेक आमचं काय भांडण झालं असं विचारत असावं. दवाखान्याच्या दारात आबांनी घड्याळ मला दाखवलं. तेहतीस मिनिटं. मी त्यांना आणखी एक शिवी दिली. तासाभराने मुलगी झाली, रक्तदाबाने थोडा वेळ सगळ्यांना घाबरवलं आणि मग उतरला. डॉक्टर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. हे त्यांनी कुणाकडे बघून सांगितलं ते मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी आम्ही घरी निघालो. मी, आई, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, आणि पुढे सासूबाई. आबा परतीच्या पहिल्याच थांब्यावर थांबले. ऊन चढत होतं, पाच दिवसांचं बाळ, रस्त्यावरची धूळ, मी तोंड उघडणार होते. पण सात रविवार उभी राहिलेली माणसं खिडकीशी आली, लांबूनच बघून गेली, कुणी आत बसलं नाही. कोंबड्यांवाली तिच्या थांब्यावर एक अंडं ठेवून गेली. मधे आंब्याचा थांबा आला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. कुणी हात केला नाही. तरी आबांनी गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. आई काही विचारणार होती, मी तिचा हात दाबला. सासूबाई खिडकीतून बुंध्याकडे बघत होत्या. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही.

मग सासूबाईंनी पुढचा पदर सारखा केला.

"चला आता," त्या म्हणाल्या. "लेट व्हतोय."