आठव्या होलवरचं स्वयंपाकघर

सुधाकर पेंडसे पुण्याहून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आला तो दोन सुटकेसा घेऊन, आणि ही गोष्ट न्यू लिन या आपल्या उपनगरातल्या एकाही माणसाला सांगायची त्याने बाकी ठेवली नव्हती. सॉफ्टवेअरमधली नोकरी, दहा वर्षांत स्वतःचं घर, शनिवारी गोल्फ. शेवटही ठरलेला : "हे माओरी लोक तर इथलेच. मग त्यांना का जमत नाही?"

त्याची बायको मुग्धा नर्स. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. २०१६च्या एका शनिवारी ती साळसूदपणे म्हणाली, "हुहानाबाईंना तुझा गोल्फ कोर्स बघायचाय. नेतोस का?" हुहानाबाई तिच्या वॉर्डातल्या निवृत्त नर्स, पंचाहत्तरीच्या माओरी आजी.

सुधाकरने हौसेने नेलं. आठव्या होलपाशी बाईंनी पायातल्या रबरी चपला काढल्या. सुधाकरने नेम धरला, तोच त्या म्हणाल्या, "जरा सरक. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात उभा आहेस."

सुधाकर हसला. बाईही हसल्या.

"दुसऱ्या महायुद्धात सरकारने धावपट्टीसाठी आमची जमीन घेतली. नंतर परत देतो म्हणाले, आणि दिली कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला. कौन्सिलने क्लबला. बाप तेव्हा इटलीत लढत होता. परत आल्यावर त्याच्या गोऱ्या सोबत्याला माजी सैनिकांच्या योजनेत शेत मिळालं. बापाने अर्ज केला, तर साहेब म्हणाला, 'तुम्हा लोकांना जमीन असतेच की!'"

"मग?"

"मग त्याच सोबत्याच्या शेतात जन्मभर मजुरी. तुझ्या दोन सुटकेसा होत्या ना? बापाकडे एकच होती. पलटणीची."

सुधाकरचा चेंडू तळ्यात गेला.

"तुला माहीत होतं?" घरी येऊन त्याने विचारलं.

"मला? मी तर भाजी चिरत होते," मुग्धा म्हणाली.

पुढे वर्षभर सुधाकर सुट्ट्या टाकून जुन्या सरकारी दप्तरांत डोकं घालून बसला. जमीन परत देण्याच्या वचनाचं पत्र सापडलं, ते त्याने क्लबच्या सभेत मोठ्याने वाचलं. चौघं खोकले, एक उठून गेला. पुढच्या वर्षी त्याचं सभासदत्व "चुकून" नूतनीकरणातून राहिलं. पण पत्र कौन्सिलपर्यंत पोचलं होतं. २०१९मध्ये सगळी जमीन नाही, आठव्या होलचा तेवढा एक कोपरा हुहानाबाईंच्या घराण्याकडे परत आला. अठरा होलांचा क्लब सतरा होलांचा झाला.

त्या कोपऱ्यात बाईंनी खुर्ची टाकली आणि सुधाकरकडून चहा करवून घेतला. दूध जास्त पडलं म्हणून त्याला चांगलीच बोलणी बसली. त्याने निमूटपणे दुसरा केला.